वाचकांचे प्रश्न : ध्रुवीय हिवाळ्यातली थरारकथा

प्रश्न : दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन-केंद्रात, हिवाळ्यात अडकून पडलेल्या माणसांवर बेतलेली एक नवी थरारकादंबरी लवकरच येते आहे. मी तिची फार उत्सुकतेने वाट पाहते आहे, परंतु अशा कथांनी यापूर्वी अनेकदा निराशाही केली आहे. या कादंबरीकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी?

उत्तर : माझ्या मते अपेक्षा एकच ठेवावी, आणि ती बरीच कठोर आहे : हीच कथा एखाद्या निर्जन बंगल्यात, पावसाळी रात्री घडवून दाखवता येत असेल, तर बर्फ केवळ नेपथ्यापुरता आहे असे समजावे. आपण निराश झालात त्या कथांमध्ये बहुधा हेच झाले असेल. पहिल्या प्रकरणात थंडीचे भरघोस वर्णन येते आणि दुसऱ्या प्रकरणापासून पात्रे हातमोजे काढून निवांत पिस्तुले रोखू लागतात.

प्रत्यक्षात त्या जागेचे नियमच कथानक रचायला पुरेसे आहेत. दक्षिण ध्रुवावरील अमुंडसेन-स्कॉट केंद्राकडे येणारी विमाने साधारण फेब्रुवारीच्या मध्याला थांबतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होतात, कारण एवढ्या थंडीत इंधन घट्ट होऊ लागते आणि विमानाच्या यंत्रणा भरवशाच्या राहत नाहीत. १९९९ मध्ये तेथील डॉक्टर जेरी नील्सन यांना स्वतःच्या स्तनात गाठ आढळली. त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच्याच गाठीतील पेशी तपासणीसाठी काढल्या. जुलै महिन्यात विमानाला उतरणे शक्य नसल्यामुळे औषधे व सामग्री वरून टाकावी लागली आणि त्यांना तेथून बाहेर काढता आले ते ऑक्टोबरमध्ये. त्याआधी, १९६१ मध्ये, सोव्हिएत संघाच्या नोवोलाझारेव्हस्काया केंद्रावरील एकमेव डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांनी केवळ स्थानिक भूल घेऊन स्वतःचे अपेंडिक्स स्वतःच कापून काढले होते. या दोन्ही घटनांत खलनायक कोणी नाही, तरीही वाचताना श्वास रोखला जातो, आणि तो रोखला जातो तो बाहेर पडण्याची वाटच बंद असल्यामुळे.

म्हणून आपल्या कादंबरीत शेवटच्या क्षणी बचावाचे विमान अवतरले, तर मात्र सावध व्हावे. हिवाळ्यात अशी उड्डाणे झालेली आहेत, उदाहरणार्थ २००१ आणि २०१६ मध्ये. पण ती छोट्या ट्विन ऑटर विमानांनी, टप्प्याटप्प्याने आणि हवामानाची वाट पाहत झाली. लेखकाला विमान आणायचेच असेल, तर त्या वाट पाहण्याचीही प्रकरणे त्याने लिहिली पाहिजेत.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ‘सहा महिने काळाकुट्ट अंधार’ हे वाक्य अशा पुस्तकांच्या मलपृष्ठावर हमखास असते, परंतु ते पूर्णपणे बरोबर नाही. ध्रुवावर सूर्य मार्चमधील विषुवदिनाच्या सुमारास मावळतो आणि सप्टेंबरमधील विषुवदिनाच्या सुमारास उगवतो हे खरे. मात्र मावळल्यानंतर आणि उगवण्यापूर्वी कित्येक आठवडे संधिप्रकाश असतो. शिवाय चंद्र एकदा उगवला की सुमारे पंधरवडाभर मावळत नाही, आणि मावळला की पुढचा पंधरवडा दिसत नाही. ज्या लेखकाला हे ठाऊक आहे, तो गुन्ह्याची तारीख विचारपूर्वक निवडेल, कारण एका पंधरवड्यात खिडकीतून दूरवर चालणारी आकृती दिसू शकते, तर पुढच्या पंधरवड्यात दाराबाहेर उभा असलेला माणूसही ओळखू येणार नाही.

प्रश्न : तेथे खून झालाच, तर तपास करणार कोण? अंटार्क्टिकावर ना कोणाचे राज्य, ना पोलीस ठाणे. मग कायदा कोणाचा लागू होतो?

उत्तर : अंटार्क्टिक करारावर १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी सह्या केल्या आणि तो १९६१ मध्ये अमलात आला. त्याने भूभागावरील सर्व दावे जसेच्या तसे स्थगित ठेवले. करारान्वये नेमलेले निरीक्षक आणि देशादेशांत अदलाबदल होणारे शास्त्रज्ञ यांच्यावर त्यांच्या स्वतःच्या देशाचा कायदा चालतो. इतरांच्या बाबतीत वाद उद्भवला, तर संबंधित देशांनी आपसांत विचारविनिमय करावा एवढेच तो सांगतो. भारताने आपल्या मोहिमांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र अंटार्क्टिक कायदा केला. अमेरिकेच्या मॅकमर्डो केंद्राच्या प्रमुखाला विशेष डेप्युटी मार्शलचे, म्हणजे अमेरिकी संघराज्याच्या पोलीस अधिकाऱ्याचे, अधिकार दिले जातात.

थरारकथेच्या दृष्टीने मला यातील कलमांपेक्षा त्यांची अंमलबजावणी अधिक रोचक वाटते. संशयिताला कोंडायला तुरुंग नसतो, आणि त्याला कोंडले तर त्याचे काम कोण करणार हा प्रश्न उरतोच. तो जनित्र सांभाळणारा तंत्रज्ञ असेल, तर त्याच्यावाचून बाकीच्यांचाच जीव धोक्यात येतो. १९८२ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत संघाच्या अंटार्क्टिकावरील व्होस्तोक केंद्रावर वीजगृहाला आग लागून एक माणूस दगावला आणि उरलेल्यांनी पुढचा सगळा हिवाळा हाताने बनवलेल्या शेगड्यांच्या उबेवर काढला. हेच व्होस्तोक पुढच्याच वर्षी उणे ८९.२ अंश सेल्सियस या तापमानाच्या नोंदीमुळे प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी आरोपी, साक्षीदार आणि तपास करणारा हे तिघेही रोज एकाच टेबलावर जेवतात, आणि त्यांपैकी कोणालाही उठून निघून जाता येत नाही. नव्या कादंबरीत हे जेवणाचे प्रसंग कसे लिहिले आहेत, ते मी सर्वप्रथम पाहीन.

जाता जाता : २०१८ मध्ये रशियाच्या बेलिंग्सहाउझेन केंद्रावर एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याला भोसकले, तेव्हा भोसकला गेलेला माणूस पुस्तकांचे शेवट आधीच सांगून टाकत असे म्हणून हे घडले, असे वृत्त जगभर छापून आले. ते कितपत खरे हा भाग वेगळा, पण रहस्यकथांच्या वाचकांना ते पटकन पटले यात नवल नाही.

प्रश्न : कादंबरी येईपर्यंत त्या प्रदेशाविषयी वाचून ठेवावे, की कोऱ्या मनाने तिला सामोरे जावे?

उत्तर : प्रदेशाविषयी अवश्य वाचावे, पुस्तकाविषयी मात्र काहीही वाचू नये. प्रकाशकांच्या जाहिरातीत हल्ली निम्मे कथानक सांगितलेले असते.

प्रश्न : अशा कथांमध्ये नायकाला हमखास भास होऊ लागतात आणि मग काहीही घडवून आणता येते. ही लेखकाची पळवाट नव्हे काय?

उत्तर : पुष्कळदा ती पळवाटच असते, परंतु भास ही वस्तुस्थितीही आहे. १९३३ मध्ये गिर्यारोहक फ्रँक स्माइद हे एव्हरेस्टवर सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर एकटेच असताना त्यांनी खिशातील मिठाईचे दोन तुकडे केले आणि त्यांतला एक सोबत्याला देण्यासाठी ते वळले. तेथे सोबती नव्हताच. ध्रुवीय मोहिमांचे नेते अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्यांचे दोन साथीदार १९१६ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेट ओलांडत असताना आपण तिघे नसून चौघे आहोत, असे त्यांना वारंवार वाटत राहिले. वेळेचे भानही असेच सुटते. मिशेल सिफ्र हे फ्रेंच भूशास्त्रज्ञ १९६२ मध्ये घड्याळाशिवाय दोन महिने गुहेत राहिले. १४ सप्टेंबरला ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने तो २० ऑगस्ट होता.

तेव्हा माझी हरकत भासाला नाही, भासावर शेवट उरकून टाकण्याला आहे. भास होण्याचे कारण, मग ते विरळ हवा असो, निद्रानाश असो वा एकाकीपणा, लेखकाने आधीच वाचकासमोर ठेवलेले असावे, आणि निवेदकाच्या हिशेबातून निसटलेले दिवस चाणाक्ष वाचकाला मोजता आले पाहिजेत.

प्रश्न : मला आता बर्फाचा कंटाळा आला आहे. थरारकथेसाठी दुसरे कोणते वातावरण सुचवाल?

उत्तर : समुद्राच्या तळाशी काम करणाऱ्या सॅच्युरेशन पाणबुड्यांचे. हे पाणबुडे जहाजावरच्या पोलादी कोठीत, खोल पाण्याइतक्याच दाबाखाली, सलग काही आठवडे राहतात आणि तेथूनच कामाला खाली उतरतात. कोठीची भिंत ओलांडली की जहाजाचा डेक आहे, तरीही दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी त्यांना कित्येक दिवस हळूहळू दाब कमी करून घ्यावा लागतो. घाई केली तर रक्तात आणि ऊतींत विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन मृत्यू ओढवतो. आत कोणी आजारी पडले, तर त्याला बाहेर आणता येत नाही, डॉक्टरलाच आत जावे लागते. श्वासातील हेलियममुळे सर्वांचे आवाज चिरके होतात आणि यंत्राच्या मदतीवाचून बाहेरच्यांना त्यांचे बोलणे नीट कळतही नाही. त्यांची हवा, ऊब, अन्न आणि दाब हे सारे बाहेरच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसांच्या हाती असते. त्या कक्षातील एकावर जरी आतल्यांचा संशय बसला, तरी दार उघडण्याची विनंती त्यांना त्याच माणसाला करावी लागेल. अशी कादंबरी जाहीर झाली, तर तिची प्रत मी छापून येण्यापूर्वीच मागवून ठेवीन.