ऑक्सफर्डच्या शाही भेटीचं ते ऑइल स्केच अर्धवट सोडलंय का?

तुम्ही विचारलंय की १८१४ मध्ये तीन राजे ऑक्सफर्डला आले होते त्या प्रसंगाचं एक ऑइल स्केच पाहिलं, एकाचाही चेहरा धड नाही, मागच्या इमारती नुसत्याच तपकिरी, मग चित्रकाराने काम मध्येच सोडलं का आणि लोक अशा चित्राला एवढा भाव का देतात.

सोडलेलं नाहीये. मी स्वतः ऑइलमध्ये काम करतो म्हणून सांगतो, ऑइल स्केच हे बऱ्याचदा मोठ्या चित्राआधीचं घरचं काम असतं. आधी कॅनव्हासवर नाहीतर फळीवर तपकिरी किंवा करडा हात मारून घ्यायचा, तो वाळला की पातळ रंगात गर्दीचे गठ्ठे टाकायचे, आणि सगळ्यात शेवटी जिथे नजर जायला हवी तिथेच जाड पांढरा नाहीतर लाल ठिपका ठेवायचा. मागच्या इमारती तपकिरी दिसतात ना, तो बऱ्याचदा खालचाच हात असतो, तिथे रंग लावायची गरजच पडलेली नसते. फोटो झूम करून कडेला बघा, ब्रश कुठे थांबलाय ते दिसेल. चेहरे या टप्प्यावर सहसा कोणी रंगवत नाही, आणि रंगवणार तरी कसे, पाहुणे १४ जूनला आले आणि दुसऱ्या दिवशी गेलेसुद्धा, रशियाचा झार कोणासमोर पोज देत बसणार होता? चेहरे नंतर दुसऱ्या पोर्ट्रेटवरून नाहीतर छापील चित्रांवरून घेता येतात.

बाकी तीन राजे म्हणजे खरं तर दोनच हं, झार पहिला अलेक्झांडर आणि प्रशियाचा फ्रेडरिक विल्यम तिसरा. इंग्लंडचा जो होता तो प्रिन्स रीजंट, वडील तिसरे जॉर्ज भ्रमिष्ट झाले म्हणून कारभार बघणारा मुलगा. नेपोलियनला एल्बा बेटावर पाठवलं होतं, युद्ध संपलं असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. रॅडक्लिफ कॅमेरा नावाच्या गोल ग्रंथालयाच्या घुमटाखाली मेजवानी झाली, शेल्डोनियन थिएटर म्हणजे विद्यापीठाच्या समारंभांच्या सभागृहात मानद पदव्या वाटल्या, प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखरला मिळाली, ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निखलाही मिळाली. आणि वर्षभरात नेपोलियन परत हजर! वॉटर्लूची लढाई, जिथे तो कायमचा हरला, ती त्यानंतरची.

आता मुख्य मुद्दा. या विषयावर जॉर्ज जोन्स या इंग्रज चित्रकाराने चित्र केलंय आणि त्याच्या नावातच विद्यापीठ आणि शहर दोघांनी रीजंटचं स्वागत केलं असं आहे. हे साधं वाटतं पण नाही, कारण ऑक्सफर्डमध्ये या दोघांचं शेकडो वर्षांचं वाकडं. १३५५ मध्ये दारूच्या गुत्त्यातल्या भांडणावरून विद्यार्थी आणि शहरातल्या लोकांत दंगल पेटली, बरेच विद्यार्थी मारले गेले, आणि त्याची शिक्षा म्हणून मेयरने दरवर्षी नगरवासी घेऊन सेंट मेरी चर्चमध्ये जायचं आणि माणशी एक पेनी भरायची असं ठरलं. ही प्रथा १८२५ पर्यंत चालू होती बघा, म्हणजे राजे आले तेव्हाही मेयर दरवर्षी जाऊन पेनी भरतच होता. मग चित्रात रीजंटच्या जवळ कोण, लाल झग्यातले विद्यापीठाचे डॉक्टरेटवाले की मेयर आणि त्याची माणसं, काळे गाऊन किती जागा खाणार, हे सगळं कागदावर पेन्सिलने नाही कळत, रंगाचं वजन टाकूनच कळतं. लाल थोडा डावीकडे जास्त झाला की शहर मागे पडलं. स्केच या भांडणासाठी असतं, चेहऱ्यांसाठी नाही. मला तर पक्क्या चित्रापेक्षा हेच बघायला आवडतं, पक्क्या चित्रात सगळे एकदम सभ्य होऊन उभे राहतात.

आणि स्केचपासून चित्रापर्यंत किती वेळ जातो म्हणाल तर हद्द नाही. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने लंडनच्या वॉटर्लू ब्रिजच्या उद्घाटनाचा शाही समारंभ १८१७ मध्ये झाला त्याची कितीतरी स्केचेस केली, पण मोठं चित्र प्रदर्शनात लागलं ते थेट १८३२ मध्ये. मधल्या काळातली स्केचेस ही त्या डोकेफोडीची नोंद, म्हणून म्युझियम ती जपतात.

कमेंटमध्ये एकाने विचारलंय की यात वेलिंग्टन, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ब्रिटिश सेनापती, कुठला. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी लढला तोच ना, हो तोच, पण तो ऑक्सफर्डच्या या भेटीत नव्हताच, तोपर्यंत इंग्लंडला परतला नव्हता, त्यामुळे शोधत बसू नका. गंमत म्हणजे जॉर्ज जोन्सच दिसायला वेलिंग्टनसारखा होता, लोक त्यालाच ड्यूक, म्हणजे वेलिंग्टन, समजायचे, आणि हे ड्यूकच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, नवल आहे, मला कधी कोणी मिस्टर जोन्स समजलं नाही.

ऑक्सफर्डला जाणार असाल तर मर्टन कॉलेज बघा, झार तिथेच उतरला होता आणि नंतर त्याने सायबेरियन जास्पर दगडाचं एक मोठं पात्र भेट म्हणून पाठवलं, ते अजून तिथे आहे.