पाना-पक्कड : मागून बसलेली वॅगन आर आणि शॉकअपचे तीन भाव

प्रश्न : माझी 2009 ची वॅगन आर आहे. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, म्हणजे तोवर तरी तिला सोडायची नाही. डिकीत सीएनजीची टाकी मागाहून बसवली आहे. मागे तिघं बसले की गाडी मागून बसते आणि गतिरोधकाला खालून घासते. आंबोली घाटात वळणावर मागची बाजू हेलकावे खाते. पुढे डावीकडून खड्ड्यात 'खट' असा आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, चारही शॉकअप गेले. त्याने तीन भाव सांगितले : कंपनीचे, दुसऱ्या ब्रँडचे आणि रिकंडिशनचे. मुलगा म्हणतो, जरा हार्ड टाका, गाडी वर उचलेल. काय करावं?
— एक निवृत्त शिक्षक, कुडाळ

उत्तर : गुरुजी, तक्रारी तीन आहेत आणि त्यातली शॉकअपची बहुधा एकच, ती आंबोलीची. चारही शॉकअप बदलले तरी बाकीच्या दोन तशाच राहतील आणि पैसे मात्र चौघांचे जातील, म्हणून आधी थोडं थांबा.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. दाबलेली स्प्रिंग सुटली की नाचत राहते. ते नाचणं थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. आतलं तेल पिस्टनच्या बारीक वाटांतून जोर लावून जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावरून आल्यावर नळीला हात लावून बघा, चांगली गरम लागेल. शॉकअप पार गेला तरी उभी गाडी खाली बसत नाही, आणि नवा टाकला म्हणून वर येत नाही. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत होतो तेव्हा बस एका अंगाला कलली की कुणी शॉकअपकडे बघायचंसुद्धा नाही, आधी स्प्रिंगचे पाटे मोजायचे. तुमच्या गाडीला पाट्यांऐवजी वेटोळ्याची स्प्रिंग, म्हणजे कॉइल आहे, एवढाच फरक.

आता ती टाकी. 60 लिटरची पोलादी टाकी रिकामीच 60 किलोच्या आसपास भरते. म्हणजे डिकीत एक माणूस कायमचा बसवलाय तुम्ही, तोही मागच्या ॲक्सलच्या पार मागे. मूळची पेट्रोल गाडीची स्प्रिंग हे ओझं वर्षानुवर्षं वाहते आहे. सपाट जागी गाडी रिकामी उभी करा, चाकांतली हवा बरोबर करून घ्या आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. डावं-उजवं लिहून घ्या, मग तीन माणसं मागे बसवून पुन्हा मोजा. रिकामी गाडीच मागून खाली असेल, किंवा दोन बाजूंत बोटभर फरक असेल, तर मागच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या घ्या. स्प्रिंगेच्या वेढ्यांत रबराचे गोळे अडकवायला कुणी सांगेल. मला ते पटत नाही. अडकवलेला वेढा काम सोडतो, त्याचा ताण बाकीच्या वेढ्यांवर जातो, आणि रिकाम्या गाडीत पाठीला हादरे बसतात ते वेगळेच.

'खट'चा आवाज. बॉनेट उघडा, डाव्या कोपऱ्यात शॉकअपचं वरचं टोक दिसतं त्यावर तळहात ठेवा आणि कुणाला तरी उभ्या गाडीतच स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा. हाताखाली टणकन उडी लागली किंवा करकर जाणवली तर वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग गेलेलं आहे. तिथे काही नसेल तर खालच्या आर्मचे आणि स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, पहारीने हलवून बघायला लावा. बिचाऱ्या शॉकअपवर हा आळ फार वेळा येतो.

राहिले हेलकावे. मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा; वर येऊन जागेवर थांबली तर ठीक, पुन्हापुन्हा डुलली तर शॉकअप गेला. पण ही परीक्षा एकाच बाजूने खरी. नापास म्हणजे नक्की नापास, पास म्हणजे चांगलाच आहे असं नाही. नळीवर धूळ धरून नुसता ओलसर थर असेल तर तो घाम समजा, चालतो. तेलाचा ओघळ खालच्या बोल्टपर्यंत आला असेल तर वाद संपला. टायरवरूनही हात फिरवा : रबर जागोजागी वाटीसारखं झिजलं असेल तर चाक रस्त्यावर टिकत नव्हतं असं समजा.

आता भाव. रिकंडिशन नको, हे आधीच सांगतो. जुन्या नळीला भोक पाडतात, तेल भरतात, भोक वेल्डिंगने बुजवतात आणि वर काळा रंग मारतात. आतले झिजलेले व्हॉल्व्ह तेच, पिस्टनच्या दांडीवरचे ओरखडे तेच. शॉकअपमध्ये तेलासोबत असलेला मूळचा गॅस भरण्याचीही सोय त्या दुकानात नसते. बसवल्यावर गाडी छान वाटते, कारण नवं तेल दाट असतं. पावसाळ्यानंतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

कंपनीचा की दुसऱ्या ब्रँडचा, यात मला फारसा फरक दिसत नाही. कारच्या कारखान्यांना शॉकअप बाहेरचेच उत्पादक पुरवतात. गॅब्रिएल इंडिया 1961 पासून हेच करते, चाकण आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत, आणि सुट्या भागांच्या बाजारातही तोच माल वेगळ्या खोक्यात येतो. अशा नावाजलेल्या ब्रँडला 'डुप्लिकेट' म्हणू नका. डुप्लिकेट म्हणजे नावाची नक्कल. ती टाळायला पक्कं बिल मागा. जो बिल द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊच नका. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबर जुळवा. पुढचे डावा-उजवा वेगवेगळे असतात, खोक्यावर बघून घ्या.

चिरंजीवांना सांगा, हार्डने गाडी उचलत नाही, फक्त आदळते. मूळ गाडीला गॅसवाले होते, तसेच घ्या. गॅस तेलाला फेस येऊ देत नाही, बाकी त्यात जादू नाही. एकनळी, जास्त दाबाचे महागडे प्रकार या गाडीला आणि या पाच वर्षांना नकोत.

पैसे एकदम काढायचे नसतील तर आधी मागची जोडी आणि स्प्रिंगा. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे आहेत, काम सोपं आणि मजुरी कमी. पुढचं महिन्या-दोन महिन्यांनी झालं तरी चालेल, पण एका ॲक्सलवर एकच बदलू नका, कितीही नवा दिसत असला तरी. पुढे उघडाल तेव्हा माउंटिंग, बम्पस्टॉप (दणका झेलणारा रबरी ठोकळा) आणि धुळीचं कव्हर नवं घाला. मजुरी तीच, आणि फाटक्या कव्हरखाली नव्या दांडीत कोकणातली लाल माती शिरली की सील गेलंच.

मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. तो नव्या दांडीला पक्कडीने धरायला लागला तर थांबवा. क्रोमवर एक दात उमटला तरी तेल तिथूनच सुटतं. रबर बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे. लोंबत्या चाकात आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पुढचं काम झालं की त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट.

प्रश्न : 1998 ची झेन हौसेने जपली आहे. एका जुन्या दुकानात सीलबंद खोक्यातले पुढचे शॉकअप मिळताहेत, बरीच वर्षं पडून आहेत. घेऊ का? की एस्टिलोचे बसतील?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नावात झेन असलं तरी एस्टिलो आतून वॅगन आरच्या घरातली, तिचे नकोत. जुना माल घ्यायला हरकत नाही, पण खोकं दुकानातच उघडा. दांडीवर गंजाचा ठिपका किंवा सीलच्या तोंडाशी तेल दिसलं तर परत. नसेल तर शॉकअप उभा धरून दांडी पूर्ण खाली-वर चार-सहा वेळा करा. आडव्या पडलेल्या मालात हवा चुकीच्या जागी गेलेली असते, ती अशी निघते. त्यानंतर दोन्ही दिशांना जोर सलग लागला पाहिजे, दिशा बदलताना मध्येच पोकळ जाता कामा नये. गॅसचा असेल तर दाबून सोडलेली दांडी आपोआप हळूहळू वर येते. न आली तर गॅस उडालाय. दुकानदाराला म्हणावं, ठेव तुझ्याकडेच. दोन्ही नग असेच तपासा, आणि माउंटिंगचं रबर त्या खोक्यातलं वापरू नका, ते मात्र ताजं घ्या.