१८व्या शतकातल्या निसर्गचित्रांत दिसणारे रोमन अवशेष खरे असतात का?

इमारती बहुधा खऱ्या, त्यांची मांडणी मात्र बऱ्याचदा कल्पित. जागा हुबेहूब दाखवणाऱ्या चित्राला इटालियनमध्ये ‘वेदुता’ म्हणतात, मनाने जुळवलेल्याला ‘काप्रिच्चो’. चित्रकार जोव्हान्नी पाओलो पानिनी (१६९१–१७६५) पँथिऑन, कलोसियम आणि ट्राजनचा स्तंभ या रोममधल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या वास्तू सरळ शेजारीशेजारी उभ्या करायचा. रोम पाहायला आलेल्या श्रीमंत प्रवाशांना सगळं शहर एकाच चौकटीत घरी न्यायला मिळे.

ओळखायचं कसं? आधी पुतळे बघा. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा तेव्हा रोममधल्या कॅपिटोलिन टेकडीवरच्या चौकात होता. चित्रात तो पडक्या कमानींमध्ये दिसला, तर काप्रिच्चो समजा.

मग खांबांचे पाय बघा, ही माझ्या मते सगळ्यात चांगली खूण. त्या काळी रोमचा फोरम, म्हणजे प्राचीन शहराचा मुख्य चौक, मातीने भरलेला होता, तिथे गुरं चरत. तिथल्या व्हेस्पेशियनच्या मंदिराचे तीन खांब तर जवळजवळ माथ्यापर्यंत गाडलेले होते. त्याच काळातला चित्रकार पिरानेसी याच्या कोरीव छापचित्रांत ते तसेच दिसतात. १८व्या शतकातल्या चित्रात हेच खांब तळापासून उघडे असतील, तर चित्रकाराने ते कल्पनेने पूर्ण केलेत. उंचीवर मात्र विसंबू नका. माणसं लहान काढली की अवशेष आपोआप प्रचंड वाटतात.