पोराला उगाच आशा लावायची का?

गेल्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न आला म्हणून ही जुनी केस लिहितेय. बालगृहासारख्या संस्थेत किंवा फोस्टर कुटुंबात (म्हणजे काही काळ मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) वाढणारं मूल असतं, डोक्याने बरं असतं पण अभ्यासाला हात लावत नाही, आणि सांभाळणारी माणसं विचारतात की याला मोठी स्वप्नं दाखवायची, की आधीच एवढं सोसलेल्या पोराला उद्या तोंडघशी पाडण्यापेक्षा एखादं काम शिकवून पायावर उभं केलेलं बरं.

मुलगा तेरा वर्षांचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, नाव तर घेतच नाही. सोबत गृहमाता ताई होत्या. बसायच्या आतच त्यांनी सुरुवात केली, "मॅडम, ह्याला काही व्हायचंच नाहीये. विचारलं की नुसते खांदे उडवतो." त्याने तेव्हाही उडवलेच.

मी त्याचं दप्तर बघायला मागितलं (ही माझी सवय आहे, दप्तर पोरापेक्षा लवकर बोलतं). वह्या स्वच्छ, अक्षर चांगलं, पण प्रत्येक वहीवर नाव पेन्सिलने, तेही इतकं फिकट की उजेडात धरून वाचावं लागलं. का रे असं, तर म्हणाला, "खोडता येतं ना. नंतर दुसऱ्या कोणाला वही वापरता येते."

चार वर्षांत तिसरं घर आणि तिसरी शाळा. पुढच्या परीक्षेला आपण याच पलंगावर झोपत असू का हे ज्याला माहीत नाही, त्याला आपण विचारतो की दहा वर्षांनी तू कोण होणार! खांदे उडवणं हे मला तरी अगदी प्रामाणिक उत्तर वाटलं.

मग गणिताची वही काढली. 1/2 अधिक 1/3 करायला दिलं, त्याने लिहिलं 2/5, म्हणजे वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी म्हटलं, अर्ध्या भाकरीत अजून तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्यापेक्षा कमी झाली, कोणी खाल्ली रे? तो हसला, त्या दिवशी पहिल्यांदाच. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पहिली शाळा सुटली तेव्हा अपूर्णांक सुरू व्हायचे होते आणि दुसऱ्या शाळेत पोचला तेव्हा ते शिकवून झाले होते, मग त्यावर उभं असलेलं शेकडेवारी, गुणोत्तर, सगळंच डोक्यावरून गेलं, आणि प्रगतिपुस्तकात शेरा काय, तर "लक्ष देत नाही". अशी भोकं सारखी जागा बदलणाऱ्या मुलांत मला इतक्यांदा सापडलीयेत की आता मी बुद्धीबद्दल बोलायच्या आधी शाळा कधी कधी बदलल्या तेच विचारते.

ताईंची भीती मात्र खोटी नव्हती. याआधी त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं त्यांनी बघितली होती, बहुतेक ठिकाणी अठरा पूर्ण झाली की संस्था सोडावी लागते आणि मग कॉलेज, खोली, जेवण, सगळं एकदम अंगावर येतं. म्हणूनच पर्यायी देखभालीबद्दल (म्हणजे आईवडिलांऐवजी इतरांनी मूल सांभाळण्याबद्दल) 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची तयारी शक्य तितक्या लवकर सुरू करा असं म्हटलंय. तेरा हे वय त्यासाठी लवकर नाही.

त्यांना मी विचारलं, हा मोकळा असला की काय करतो? "काय करणार, बंद पडलेले पंखे, बोर्ड उघडून बसतो." बरं, मग वायरमन होईल नाहीतर इंजिनियर होईल, ते आज कोणी ठरवायचं नाही, पण अपूर्णांक दोन्हीकडे लागणार, तेवढं आत्ता बघू. यावर ताई जरा सैल झाल्या, म्हणजे मला तसं वाटलं.

पुढे फार मोठं काही केलं नाही. रोज वीस मिनिटं मागच्या इयत्तेचं गणित, तेही ताईंच्या शेजारी बसून, त्यांना येत नसलं तरी चालेल. पालकसभेला दर वेळी त्याच जाणार, जो रिकामा असेल तो नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत त्याची जागा बदलू नका असं मी अधीक्षकांना लेखी दिलं, त्यांनी कुरकुरत का होईना ऐकलं. गुणपत्रिका, दाखले, सगळ्याच्या प्रतींची एक फाइल केली आणि ती कपाटात न ठेवता त्याच्याकडे दिली. आणि शाळेत "माझे कुटुंब" निबंध आला की हा गैरहजर राहायचा, म्हणून बाईंशी बोलून विषय सगळ्या वर्गालाच "माझ्या जवळचं माणूस" असा करून घेतला, एकट्याला वेगळा विषय दिला असता तर अजून वाईट झालं असतं.

मधे दोन आठवडे त्याने वही उघडलीच नाही. कारण? ताई रजेवर होत्या.

साडेतीन महिन्यांनी ताईंचा फोन, वैतागलेला आवाज. चाचणीत 20 पैकी 11 पडले होते, आणि याचं म्हणणं की एका गणितात पायऱ्या बरोबर असून सरांनी अर्धा मार्क कापलाय, तर ताई तुम्ही शाळेत चला आणि बोला. "मॅडम, अर्ध्या मार्कासाठी जायचं का हो मी?"

म्हटलं, उद्याच जा. आणि पेपर घेऊन जा.