कॉलेजात कर्व्हवर ग्रेड देणं फेअर आहे का?

कर्व्ह म्हणजे ठरलेल्या मार्कांवर नाही, तर वर्गातल्या बाकीच्यांच्या तुलनेत ग्रेड देणं. हे सरसकट फेअर नाही, वर्ग केवढा आहे त्यावर आहे. पेपर भयंकर अवघड निघाला तर कर्व्ह वाचवतो हे मान्यच, शंभरातले 55 पडूनही वर्गात टॉपला असाल तर वरची ग्रेड मिळते. आयआयटी बॉम्बेत प्रत्येक ग्रेडला पॉइंट असतात, एए म्हणजे 10, एबी 9, बीबी 8. फर्स्ट इयरच्या मॅथ्ससारख्या शेकडो पोरांच्या कोर्सला ॲव्हरेज आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (मार्क ॲव्हरेजपासून किती पसरलेत ते) काढून कटऑफ ठरवले तर चालतंय, पण 12 पोरांच्या इलेक्टिव्हला, म्हणजे आवडीने निवडलेल्या विषयाला, तेच लावलं की सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला, सगळ्यांना 80 च्या वर पडले तरी कोणाला तरी खाली ढकलावंच लागतं, त्याने काय घोडं मारलं? एका मार्काने ग्रेड जाते, सीजीपीए (सगळ्या ग्रेड पॉइंटची सरासरी) घसरतो आणि प्लेसमेंटला कंपनीचा कटऑफ असला की टेस्टलाही बसू देत नाहीत. वर पोरं एकमेकांपासून नोट्स लपवायला लागतात, हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण मित्राला समजावताना आपलंही पक्कं होत असतं. लहान वर्गात पहिल्याच लेक्चरला सांगून टाका की 85 च्या वर एए, आणि कर्व्ह लावायचाच तर फक्त ग्रेड वाढवायला लावा.