लंडन बघायला जावं, पण कोणत्या पैशांनी?

प्रश्न : मी ५४ वर्षांची गृहिणी, राहणार कोल्हापूर. यजमान ५८ वर्षांचे, खासगी कारखान्यात अकाउंट्सला आहेत, साठीला निवृत्त होतील. पगार हातात ८५ हजार, घरखर्च ४२ हजार, एसआयपी २५ हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगा पुण्यात नोकरीला. बँकेत १४ लाखांच्या चार ठेवी (त्यातली ४ लाखांची जुलैत संपते), म्युच्युअल फंडात ३१ लाख, पीपीएफमध्ये १२ लाख आणि निवृत्तीच्या वेळी पीएफचे सुमारे ३८ लाख मिळतील. आरोग्य विमा कंपनीचा, ५ लाखांचा. जूनमध्ये लग्नाला ३० वर्षं होतात. दोघांनीच आठ दिवस लंडन बघावं अशी फार इच्छा आहे. टूरवाल्यांनी दोघांचे ६ लाख सांगितले, शिवाय १४ टक्के व्याजाने २४ हप्त्यांची सोयही देतात. यजमान म्हणतात, हेच पैसे फंडात टाकले तर दहा वर्षांत १८ लाख होतील. काय करावं?

उत्तर : ताई, जरूर जा. मात्र जूनऐवजी गणपती आटोपल्यावर, सप्टेंबरअखेर जा. कर्ज काढू नका, आणि खर्च ६ लाखांऐवजी ४ लाखांच्या आसपास बसवा.

यजमानांचं गणित चुकलेलं नाही. १२ टक्के परतावा धरला तर ६ लाखांचे दहा वर्षांत साडेअठरा लाख होतात. पण १२ टक्क्यांची हमी कोणी देत नाही, आणि ६ टक्के महागाई धरली तर त्या साडेअठरा लाखांत आजच्या दहा-साडेदहा लाखांएवढीच खरेदी होईल. शिवाय तेव्हा ते ६८ वर्षांचे असतील. लंडन हे पायी बघायचं शहर आहे. तिथल्या भुयारी रेल्वेची कितीतरी स्टेशनं इतकी जुनी आहेत की अजून लिफ्ट नाही, जिने चढावेच लागतात. संग्रहालयांत तीन-तीन तास उभं राहावं लागतं. आज गुडघे साथ देत आहेत, हेही गणितात धरायला हवं.

माझ्या मते हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडावा. निवृत्तीच्या वेळी, पुढच्या दोन वर्षांच्या एसआयपीसकट, तुमच्याकडे एक कोटीच्या आसपास जमा असेल. महिना ४२ हजारांचा खर्च त्यातून निभेल. पण चैन करता येईल इतकी ही रक्कम मोठी नाही, कारण खर्च दरवर्षी वाढत जाणार. यातले ४ लाख आज खर्चले तर ७ टक्क्यांच्या हिशेबाने निवृत्तीनंतर महिन्याला तेवीसशे रुपये व्याज कमी येईल. ६ लाख खर्चले तर साडेतीन हजार. प्रवासाची खरी किंमत ही आहे. तेवीसशे तुम्हाला झेपतील असं मला वाटतं. साडेतीन हजारांपाशी मी थांबेन. आणि दोन-तीन वर्षांत अशीच दुसरी सहल काढायची असेल, तर हा सल्ला लागू नाही.

आता हप्त्यांचं. ६ लाखांचं कर्ज, १४ टक्के, २४ महिने म्हणजे हप्ता सुमारे २८,८०० आणि एकूण व्याज ९१ हजार. घरखर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्या हातात १८ हजार उरतात, म्हणजे एसआयपी मोडल्याशिवाय हप्ता भरता येणार नाही. तीही नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत, जेव्हा साठवायची शेवटची संधी आहे. आठ दिवसांच्या आनंदासाठी निवृत्तीच्या दिवसापर्यंत हप्ते भरू नका, एवढं मात्र मी कळकळीने सांगते.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. आरोग्य विमा कंपनीचा आहे. निवृत्तीबरोबर तो संपतो, आणि साठीनंतर नवा घ्यायला गेलात तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून तिकिटं काढण्याआधी दोघांचा मिळून किमान १० लाखांचा स्वतंत्र विमा घ्या. बीपी, शुगर जे असेल ते लपवू नका. वयाप्रमाणे हप्ता वर्षाला ४० ते ६० हजारांच्या घरात जाईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी रद्द झाला आहे, तेवढा दिलासा आहे. महिन्याच्या १८ हजारांतून तीन-चार महिन्यांत ही रक्कम उभी राहते. विम्याचे पैसे उभे करायलासुद्धा सहल सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलणं सोयीचं आहे.

लंडन ४ लाखांत कसं बसेल? पौंड १२० रुपये धरून मी अंदाज केला आहे. दोघांचा व्हिसा ३० हजार (२०२५ च्या एप्रिलमध्ये माणशी १२७ पौंड झाला होता, भरताना चालू दर बघा). मुंबईहून विमान १ लाख ३० हजार. सात रात्री हॉटेल, मध्यवस्तीपासून थोडं दूर, १ लाख २० हजार. जेवणखाण ४८ हजार, शहरातला प्रवास १९ हजार, प्रवेश तिकिटं ३० हजार, प्रवास विमा ५ हजार, आणि अडीअडचणीला ३० हजार. एकूण ४ लाख १२ हजार. जून ते ऑगस्ट तिथे पर्यटकांची गर्दी असते. तेव्हा विमान आणि हॉटेल या दोन्ही रकमा चढतात.

तिकिटांचा आकडा इतका कमी कसा, असं वाटेल. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्ट्री, सायन्स म्युझियम या सगळ्यांचा कायमस्वरूपी संग्रह फुकट बघता येतो. पैसे लागतात ते टॉवर ऑफ लंडनला, जिथे कोहिनूर आहे, वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चला आणि लंडन आय या उंच पाळण्याला. टॉवर माझ्या मते पैसे वसूल करतो. लंडन आयचं तिकीट वाचवलंत तरी चालेल, कारण स्काय गार्डन या उंच इमारतीच्या माथ्यावरच्या बागेतून शहर फुकट दिसतं, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. आणि किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर चुकवू नका. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं आणि तिथे स्मारक केलं. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते १९२० मध्ये लंडनला परत गेले, त्यात तुमच्या शाहू महाराजांचीही मदत होती. कोल्हापूरच्या माणसाने लंडनला जाऊन हे घर न बघता यावं, हे मला पटत नाही. टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत ते आहे का, विचारा.

शहरात फिरायला वेगळा पास घेऊ नका. परदेशात चालणारं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की पुरे. दिवसाला ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. मात्र दोघांना दोन वेगळी कार्डं हवीत, आणि भुयारी रेल्वेत शिरताना टेकवलेलंच कार्ड बाहेर पडतानाही टेकवायचं. बसचं भाडं २०२५ मध्ये १.७५ पौंड होतं, त्यात तासाभरात कितीही बस बदलता येतात. बसमध्ये रोख घेतच नाहीत. हीथ्रो विमानतळाहून शहरात यायला भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन घ्या. हीथ्रो एक्स्प्रेस या जलद गाडीच्या भाड्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यात काम होतं. दुकानात मशीन 'रुपयांत की पौंडांत?' असं विचारेल, तेव्हा पौंड निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो आणि तो महागच असतो. आपल्या साध्या क्रेडिट कार्डावरही परकीय व्यवहाराला बहुधा २ ते साडेतीन टक्के आकार आणि वर जीएसटी लागतो, म्हणून फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच पौंड भरून घेतलेलं कार्ड, बरं.

ब्रिटनच्या व्हिसाला प्रवास विमा सक्तीचा नाही, म्हणून बरेच जण तो टाळतात. तुम्ही टाळू नका. तिथे इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर परदेशी पाहुण्याला बिल भरावं लागतं, आणि ते बिल या सबंध सहलीपेक्षा मोठं होऊ शकतं.

टूर कंपनी घेऊच नये असं मी म्हणत नाही. इंग्रजीची धास्ती असेल, रोज संध्याकाळी वरण-भात हवा असेल, तर वरचे पावणेदोन-दोन लाख त्या निश्चिंतीचे आहेत आणि काहींना ते मोलाचे वाटतात. तुमचा मुलगा पुण्यात आहे. बुकिंग त्याने केलं तर ते पैसे वाचतात. पॅकेजच घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने बिलाबरोबरच गोळा करायचा आयकर, कापला जातो. २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंत दर ५ टक्के होता; बुकिंगच्या दिवशीचा विचारून घ्या. ही रक्कम बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळती होते. ज्याच्या पॅनवर कापली त्यालाच ती मिळते, म्हणून पॅकेजचं बिल विवरणपत्र भरणाऱ्या यजमानांच्या नावावर करा.

पैसे जुलैच्या ठेवीतूनच घ्या. बाकीच्या तीन ठेवींना, फंडाला आणि पीपीएफला हात लावू नका. व्हिसासाठी प्रवासाआधी तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे जुलैअखेर अर्ज केलात तरी वेळ पुरतो. बचत खात्यात अचानक ४ लाख दिसले की अधिकाऱ्यांना शंका येते. ठेव मोडल्याचा बँकेचा कागद जोडा. अर्ज फेटाळला तर शुल्क परत मिळत नाही, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटं काढू नका.

आणि या आठवड्यात एक काम करा. ठेव संपल्यावर तिचं आपोआप नूतनीकरण व्हावं अशी सूचना बहुतेकांनी दिलेली असते. तुमच्या पावतीवर ती असेल तर शाखेत जाऊन काढून टाका, नाहीतर जुलैत ते ४ लाख पुन्हा अडकतील आणि मुदतीआधी मोडले म्हणून व्याज कापलं जाईल.