ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचे शांत, वातावरणीय अल्बम ऐकायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

१९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'पासूनच करा. त्यातला दुसरा तुकडा आधी ऐका. नुसते लांबवलेले 'आ'कार, प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या लांबीच्या वेटोळ्यावर. एक सूर साधारण साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळपास सव्वीस सेकंदांनी. त्यामुळे त्यांची गाठभेट दर वेळी वेगळ्या जागी पडते. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच भिडतं.

मी ऐरोलीत राहतो. पहाटे खाडीच्या बाजूला चालताना हेडफोनचा आवाज अगदी कमी ठेवून हे ऐकतो. मधेच एखादा पक्षी ओरडतो आणि तोही त्यातलाच वाटतो! ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत मात्र ऐकू नका, सगळं बारीक काम खडखडाटात बुडतं.

सोबतीने केलेल्या कामात हॅरॉल्ड बड या पियानोवादकाबरोबरचा १९८४ चा 'द पर्ल' मला सगळ्यात प्रिय. पियानोचा स्वर विझून गेल्यावरही त्याची ओल मागे रेंगाळते. १९८३ चा 'अपोलो' ईनोचा भाऊ रॉजर आणि संगीत-निर्माता डॅनियल लॅनवा यांच्यासोबतचा, चांद्रमोहिमांवरच्या माहितीपटासाठी केलेला. रॉबर्ट फ्रिपच्या गिटारबरोबरचा १९७३ चा अल्बम जरा खडबडीत आहे, तो नंतर घ्या.